नोंदवहीपासून नियमापर्यंत : ग्राहक मार्गदर्शन केंद्रात नव्याने आलेल्यांसाठी

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक ठरलेलं चित्र असतं. समोर फसवणूक झालेला माणूस बसलाय, आपण त्याला तक्रारीचं पत्र लिहून देतोय, महिन्याभरात त्याचे पैसे परत येतात. हे काम आहेच, आणि ते मनापासून करायचं आहे. पण त्याच टेबलावर दुसरंही एक काम चालतं आणि नव्या माणसाला ते सहसा कुणी समजावून सांगत नाही. आज आलेली तक्रार उद्या आणखी दहा जणांची होऊ नये म्हणून नियम, दर किंवा पद्धतच बदलून घ्यायची, हे ते काम. हा लेख त्याबद्दल आहे.

महाराष्ट्रात याला मोठी परंपरा आहे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ च्या डिसेंबरात. म्हणजे या मंडळींनी कितीतरी वर्षं हाताशी कलम नसताना काम केलं. एकत्र खरेदी करून दर पाडले, भेसळ तपासली, दुकानदारांशी आणि सरकारशी बोलत राहिले. आज २०१९ चा नवा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून तो लागू झाला आहे, आणि आपल्या हातात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. ती वापरायची कशी, तेवढं शिकून घ्यायला हवं.

पहिली पायरी : आधी माणूस, मग मुद्दा

समोर आलेला माणूस मोहिमेसाठी आलेला नसतो. त्याचा फ्रिज बंद पडलाय, विम्याचा दावा नाकारलाय, क्लासची फी अडकलीय. त्याचं काम आधी. काय झालं, कधी झालं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, हे तीन प्रश्न विचारा आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणाला पैसे हवे असतात, कुणाला वस्तू बदलून हवी असते, तर कुणाला फक्त 'आमचं चुकलं' एवढंच ऐकायचं असतं.

कागद बघा: बिल, पावती, वॉरंटी कार्ड, मेसेजचे स्क्रीनशॉट. तारखा तपासा, कारण ग्राहक आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि लोक बऱ्याचदा ती संपत आली असतानाच येतात. विक्रेत्याला लेखी तक्रार केली नसेल तर ती आधी करायला लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यांच्याकडून तिथल्या तिथे फोनमध्ये सेव्ह करून घ्या. जिल्हा आयोगात वकील लागतोच असं नाही, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही, हे सांगितलं की निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पण 'तुमचे पैसे नक्की मिळतील' असं मात्र कधीही म्हणू नका.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करून ठेवा. कंपनीने त्या माणसाला तडजोड देऊ केली आणि ती त्याला पटली, तर 'थांबा, आपण हे प्रकरण मोठं करू' असं आपण म्हणायचं नाही. कित्येक कार्यकर्त्यांना हा मोह होतो. प्रकरण त्याचं आहे, पैसे त्याचे आहेत, रात्रीची झोपही त्याचीच उडालीय. मोहिमेला लागणारी माहिती त्याच्या संमतीने नोंदवून ठेवली की आपलं काम झालं.

दुसरी पायरी : नोंदवही

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण केंद्राची सगळी ताकद इथे तयार होते आणि इथेच वायाही जाते.

पुष्कळ केंद्रांच्या वह्यांमध्ये अशा नोंदी सापडतात : 'वीजबिल जास्त आले. कार्यालयात जाऊन सोडवले.' काम झालं, माणूस खूश होऊन गेला, आणि नोंद मात्र कायमची निकामी झाली. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की जास्त म्हणजे किती आणि कशामुळे, तर सांगता येत नाही.

आता हीच तक्रार नीट नोंदवली तर कशी दिसेल, त्याचा नमुना बघा. घरगुती वीजजोडणी. दोन महिने लागोपाठ बिलात चालू रीडिंगच्या जागी 'लॉक' हा शेरा. ग्राहकाचं म्हणणं, मीटर जिन्याखाली उघड्यावर आहे, कुलूप कधीच नव्हतं. दोन्ही महिने सरासरी ७० युनिटचं बिल, दोन्ही वेळेवर भरलेली. तिसऱ्या महिन्यात रीडिंग घेतलं आणि एकदम ३१० युनिटचं बिल आलं. कंपनीला लेखी अर्ज दिल्याची तारीख, आवक क्रमांक. उत्तर किती दिवसांनी, काय. शेवटी काय दुरुस्ती झाली. सोबत तिन्ही बिलांच्या प्रती.

या नोंदीतून काय निघतं बघा. तीन महिन्यांचा वापर एकूण ४५० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी १५०. आपल्याकडे घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत असतो, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५००, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढत जातो. दर महिन्याला नीट रीडिंग झालं असतं तर ३०० युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात पडली असती आणि १५० दुसऱ्या. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात पडली २४०, दुसऱ्यात २०० आणि १० थेट तिसऱ्यात. म्हणजे वापर तेवढाच असताना ६० युनिट वरच्या दराने मोजली गेली, आणि त्यात ग्राहकाचा काहीही दोष नाही. असं बिल टप्प्यांचा लाभ महिनावार वाटून देऊन दुरुस्त करता येतं, पण ते मागायचं असतं हे माहीत असणाऱ्यालाच ते मिळतं. ज्याला माहीत नाही तो मुकाट्याने पैसे भरतो. धोरणाचा मुद्दा म्हणतात तो हाच : चूक कंपनीची, आणि ती शोधून काढायचं ओझं ग्राहकावर.

'बिल जास्त आले' या नोंदीतून हे कधीही निघालं नसतं.

म्हणून प्रत्येक नोंदीत घटनेची तारीख, वस्तू किंवा सेवा, रक्कम, नेमकं काय बिघडलं, कुणाला कधी कळवलं, उत्तर किती दिवसांनी आलं आणि शेवट काय झाला, एवढं हवंच. सोबत परिसर लिहा, म्हणजे वॉर्ड किंवा गाव. पूर्ण पत्ता वेगळ्या कागदावर. ग्राहक क्रमांक, आधार, खातं यांच्या प्रती बाहेर दाखवायच्या फाइलमध्ये कधीच ठेवू नका. नाव न देता माहिती वापरली तर चालेल का, हे विचारून सही घ्या. नाही म्हणाले तर नाही. मदत तरीही तेवढीच करायची.

संगणकावर साधी तक्तेवही पुरते. त्यात 'प्रकार' नावाचा एक रकाना ठेवा आणि त्यातले शब्द ठरवून टाका. एकाने 'लॉक बिल', दुसऱ्याने 'सरासरी बिल' आणि तिसऱ्याने 'रीडिंग नाही' असं लिहिलं तर मोजणी करताना डोकं धरून बसायची वेळ येते.

तिसरी पायरी : तक्रार कुठल्या जातीची?

महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून वही वाचायची. मोठ्याने वाचायची, कारण वेगवेगळ्या वारी बसणाऱ्या कार्यकर्त्यांना एकमेकांकडे काय आलं ते एरवी कळत नाही. वाचताना प्रत्येक तक्रार तीनपैकी कुठल्या प्रकारात बसते ते ठरवा.

पहिला प्रकार : नियम चांगला आहे, या एकाच माणसाच्या बाबतीत मोडला. हे प्रकरण सोडवा आणि पुढे चला.

दुसरा : नियम आहे, पण सर्रास मोडला जातो. उदाहरणार्थ, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं. इथे नवा नियम मागून उपयोग नाही. अंमलबजावणी मागायची, आणि ती करणाऱ्या खात्याकडे, म्हणजे किमतीसाठी आणि वजनमापांसाठी वैधमापनशास्त्र विभागाकडे, खाण्याच्या वस्तूंसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे.

तिसरा : नियमच त्रासाचा आहे, किंवा त्या बाबतीत नियमच नाही. खरी धोरणाची लढाई ही.

नवी माणसं इथे नेहमी घाई करतात. दुसऱ्या प्रकारातल्या तक्रारीसाठी मंत्र्यांना 'कडक कायदा करा' असं पत्र जातं, आणि 'कायदा आहेच' असं दोन ओळींचं उत्तर येऊन विषय संपतो. प्रकार नीट ओळखला तर योग्य दाराशी जाता येतं.

हॉटेलातल्या सेवाशुल्काचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. ग्राहकाला न विचारता बिलात आपोआप सेवाशुल्क लावलं जातं, अशा तक्रारी राष्ट्रीय हेल्पलाइनवर सतत नोंदवल्या जात होत्या. एकेक बिल बघितलं तर रक्कम किरकोळ. त्यासाठी आयोगात कोण जाणार? पण त्या नोंदींच्या आधारावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या, स्थगिती आली, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या सूचना उचलून धरल्या. एकेकट्याने ज्यासाठी कुणी भांडलं नसतं असा हा प्रश्न होता, आणि नोंदी साठल्या म्हणून तो हलला. ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या रचनांच्या सूचनाही अशाच लक्षात ठेवा. न मागितलेली वस्तू यादीत घुसवणं, खोटी घाई दाखवणं, वर्गणी बंद करण्याचा रस्ता लपवणं अशा १३ प्रकारांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनी मनाई केली आहे. आता तरुण मुलं अशाच तक्रारी घेऊन येतात, तेव्हा वहीत त्या प्रकाराचं नाव लिहा.

बाहेरच्या जगात हे काम किती पुढे गेलंय ते माहीत असलेलं बरं. ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात सुरू झाली. गावोगावची स्थानिक केंद्रं, त्यांत बसणारे स्वयंसेवक, आणि दोनच उद्देश : लोकांना सल्ला द्यायचा आणि त्यांचे प्रश्न निर्माण करणारी धोरणं सुधारायची. तिथल्या कायद्याने अशा मान्यताप्राप्त संस्थांना 'महातक्रार' करण्याचा हक्क दिला आहे. एखाद्या अख्ख्या बाजारातल्या दोषाबद्दल त्यांनी तक्रार केली की स्पर्धा प्राधिकरणाला ९० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. २०१८ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइसने अशी तक्रार केली की जुन्या, निष्ठावान ग्राहकांकडून नव्यांपेक्षा जास्त पैसे घेतले जातात. पुढे जानेवारी २०२२ पासून तिथे घराच्या आणि मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी आली. आपल्याकडे उत्तराची अशी सक्ती नाही, म्हणून आपल्याला पाठपुरावा जास्त करावा लागतो. मला विचाराल तर हा हक्क आपल्याकडच्या ग्राहक संस्थांनीही मागायला हवा.

चौथी पायरी : पुरावा पक्का करणं

वहीत एका प्रकारच्या बऱ्याच तक्रारी जमल्या की लगेच पत्रकार परिषद घेऊ नका. आधी दोन गोष्टी करा.

एक, माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'असं का केलं?' हा प्रश्न विचारू नका; त्याचं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नसतो. दफ्तरात असेल ते मागा. वरच्या उदाहरणात अर्ज असा जाईल : 'आपल्या उपविभागात मागील १२ महिन्यांत घरगुती ग्राहकांची एकूण किती बिले निघाली, त्यांपैकी "लॉक" व "फॉल्टी" शेऱ्याने किती निघाली, याची महिनावार माहिती द्यावी.' एका अर्जात एवढंच. हे आकडे आणि तुमच्या वहीतल्या नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. खासगी कंपनीला माहिती अधिकार थेट लागत नाही, पण तिच्यावर देखरेख करणाऱ्या खात्याला किंवा आयोगाला लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या आकड्यांविषयी प्रामाणिक राहणं. केंद्रात आलेल्या तक्रारी म्हणजे शहरातले सगळे ग्राहक नव्हेत. 'शहरातल्या निम्म्या लोकांची लूट' असं लिहून समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत देऊ नका. 'एप्रिल ते जून या काळात आमच्या केंद्रात आलेल्या वीजबिलाच्या तक्रारींपैकी इतक्या या प्रकारच्या होत्या' हे वाक्य साधं वाटतं, पण ते कुणालाही खोडता येत नाही. एक चुकीचा आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो, आणि नुकसान होतं ते तक्रारदारांचं.

पाचवी पायरी : दार कुठलं ठोठावायचं

विजेचं उदाहरण शेवटापर्यंत नेऊ, कारण सामान्य माणसाला धोरण ठरताना बोलण्याचा जितका स्पष्ट हक्क इथे आहे तितका फार थोड्या ठिकाणी आहे.

विजेचे दर कंपनी स्वतः ठरवत नाही. ती महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे याचिका करते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६४ प्रमाणे ती याचिका जाहीर करावी लागते, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. याच कायद्याच्या कलम ९४ नुसार आयोग ग्राहकांचे प्रतिनिधीही नेमू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास ही संस्था यांनी हे काम केलेलं आहे. प्रयासची विश्लेषणं वाचून काढा. आकडे कसे वाचायचे ते त्यांतून शिकायला मिळतं.

याचिकेची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. त्यात तीन गोष्टींवर खूण करा : हरकत पोहोचण्याची शेवटची तारीख, ती कुठे आणि कशी पाठवायची, आणि सुनावणी कधी-कुठे. मूळ याचिका शेकडो पानांची असते. ती बघूनच लोक हात टेकतात. सगळी वाचायची गरज नाही. सारांश वाचा, प्रस्तावित दरांचा तक्ता वाचा, आणि आपल्या वहीतला मुद्दा जिथे येतो ते प्रकरण वाचा. आपला मुद्दा मीटर रीडिंगचा असेल तर वीजखरेदीच्या कोष्टकात डोकं घालून दमू नका. त्यासाठी जाणकार संस्था आहेत. आपल्याकडे आहे ते त्यांच्याकडे नसतं, ते म्हणजे गल्लीतली बिलं.

हरकत एक-दोन पानांची पुरे. वर याचिकेचा क्रमांक. मग आपण कोण, केंद्र कुठे आहे. मग मुद्दे क्रमांक टाकून, प्रत्येक मुद्द्यात आधी वस्तुस्थिती, मग तिचा ग्राहकावर परिणाम, मग मागणी. मागणी अशी हवी की आयोगाला तिचं आदेशात रूपांतर करता येईल. 'ग्राहकांना न्याय द्यावा' ही मागणी नव्हे. 'सलग दोन महिने रीडिंग न घेता बिल दिले असल्यास, पुढील बिलात टप्प्यांचा लाभ महिनावार विभागून देण्याची दुरुस्ती ग्राहकाने अर्ज न करता कंपनीने स्वतः करावी व तिचा हिशेब बिलावर छापावा' ही मागणी. तिच्यात कोणी, काय, कधी आणि कसं हे सगळं आलं.

आयोगाचा एखादा जुना दरआदेश उघडून बघा. त्यात हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय हे एकाखाली एक छापलेलं असतं. तुमचा मुद्दा तिथे आला की कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलेलं असतं. मागणी फेटाळली गेली तरी ते उत्तर पुढच्या वेळी कामाला येतं, कारण 'आम्ही ही दुरुस्ती करत आहोत' असं एकदा कागदावर आलं की तेच वाक्य घेऊन आपल्याला परत जाता येतं.

सुनावणीत बोलायला मिनिटं थोडी मिळतात. तिथे भाषण करू नका, आयोगाचे सदस्य ते रोज ऐकतात. एक बिल हातात धरा आणि ते कसं वाढलं तेवढंच समजावून सांगा, वर दाखवलेल्या ६० युनिटांसारखं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग थांबलं, सरासरी बिलं निघाली आणि जूनमध्ये एकदम मोठ्या रकमा आल्या, तेव्हा राज्यभर किती गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वेळी आयोगाने मार्च ते मेच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त बिल आलेल्यांना ते तीन हप्त्यांत भरण्याची मुभा दिली. राग सगळीकडे सारखाच होता. पण बिलांचा महिनावार हिशेब ज्यांना मांडता येत होता, त्यांचं म्हणणं टिकलं.

बाकीची दारं थोडक्यात सांगतो.

एकाच प्रकारची फसवणूक अनेकांची होत असेल, जाहिरात दिशाभूल करणारी असेल, तर २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संस्था स्वतःच्या नावाने ग्राहक आयोगातही जाऊ शकते. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असते आणि तिच्या वर्षाला किमान दोन बैठका व्हायला हव्यात. तुमच्या जिल्ह्यात त्या होतात का, विचारा. होत नसतील तर पहिली मोहीम तीच. घरखरेदीच्या तक्रारींसाठी महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, सलोखा मंच २०१८ पासून आहे. त्यात बिल्डरांच्या संघटनांबरोबर ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी बसतात. संस्थांनी चिकाटीने काम केलं तर त्यांना निर्णयप्रक्रियेत जागा मिळते, याचं ते चालतं-बोलतं उदाहरण आहे.

रेशनच्या तक्रारी, विशेषतः 'अंगठा लागत नाही म्हणून धान्य दिलं नाही' ही, वेगळ्या वहीत नोंदवा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये दुकानपातळीपासून दक्षता समित्या सांगितल्या आहेत. अंगठा लागला नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी माणसं कोण, किती वेळा परत गेली आणि त्यांना पर्यायी ओळख पटवायची संधी दिली का, हे त्या समितीपुढे तारखांसह ठेवा. हातावर पोट असणाऱ्याचा बुडालेला रोज हाही खर्चच आहे, तो नोंदीत लिहायला विसरू नका.

नियम मंत्रालयातून बदलणार असेल तर तिथली वाट अशी : मंत्र्यांना निवेदन द्या, पण त्याची एक प्रत संबंधित विभागाच्या कक्ष अधिकाऱ्यांकडे द्या, कारण फाइल तिथून वर सरकते. पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आमदारांना भेटाल तेव्हा एक पान द्या, त्यात प्रश्न तयारच करून द्या. अधिवेशनाआधी पुरेसे दिवस हातात ठेवून दिलात तर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लावता येते. केंद्र सरकारच्या कायद्यांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवस खुले ठेवावेत, असं २०१४ चं धोरण आहे. म्हणून विभागांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवण्याची जबाबदारी केंद्रातल्या एका माणसाला नेमूनच द्या.

सहावी पायरी : पत्रकार, पक्ष आणि पैसा

वार्ताहराला तयार मथळा देऊ नका, तयार कागद द्या. तक्रारदाराचं नाव आणि फोटो त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय देऊ नका. हो म्हटल्यावरही एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. कागद दाखवतात तेवढंच बोला. 'कंपनी चोर आहे' म्हणालात तर बदनामीची नोटीस येऊ शकते. 'या तीन बिलांत रीडिंग नाही' याबद्दल कुणी नोटीस पाठवणार नाही.

निवेदन देताना सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही आमदारांना एकच पान द्या, एकाच दिवशी. निवडणूक लागली की केंद्राच्या खोलीत कुठल्याही पक्षाचं पत्रक राहता कामा नये. ज्या कंपन्यांविरुद्ध तक्रारी येतात त्यांच्याकडून देणगी, जाहिरात, दिवाळीची भेट, काहीही नको. लोक आपल्याकडे विश्वासाने येतात आणि तो विश्वास जपायला पाणीपट्टी भरायची चणचण सोसावी लागली तरी चालेल, असं मला ठामपणे वाटतं.

सातवी पायरी : आदेश आल्यानंतर

आदेश आला की बहुतेक केंद्रं पेढे वाटून थांबतात. निम्मं काम इथून पुढे असतं.

आदेशातला आपल्या मुद्द्याचा परिच्छेद शोधा, त्याचा क्रमांक आणि आदेश कुठल्या तारखेपासून लागू आहे ते लिहून घ्या. त्याचं सोप्या मराठीत एक पान करा : काय बदललं, कुणासाठी, बिलावर ते कुठे दिसेल, दिसलं नाही तर काय करायचं. ते सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर, रिक्षा थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत पोहोचवा. मग वही उघडा आणि ज्यांच्या तक्रारींवर ही मागणी उभी राहिली त्या प्रत्येकाला फोन करा. आपल्या बिलाचं पुढे काहीतरी झालं हे त्यांना कळायलाच हवं. त्यांतलेच काही जण पुढे केंद्रात बसायला येतात.

लागू होण्याच्या तारखेनंतरची दोन-तीन बिलं वेगवेगळ्या भागांतून मागवून तपासा. पालन होत नसेल तर तक्रार आता तिसऱ्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात आलेली असते आणि लढणं सोपं झालेलं असतं. कंपनीला आदेशाची तारीख आणि परिच्छेद क्रमांक देऊन लेखी अर्ज करा. दाद मिळाली नाही तर वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे, मुंबई किंवा नागपूर, ज्यांच्या हद्दीत आपला भाग येतो तिथे. आणि मंचाचा प्रत्येक निर्णय, बाजूने लागो की विरोधात, त्याच तक्तेवहीत नव्या ओळीत चढवा, म्हणजे पुढची दरयाचिका येईल तेव्हा हरकतीचा पहिला मुद्दा लिहून तयार असेल.